स्टार्टरवरचा हात

"शी बाई, पेट्रोलच की हो हे! लिफ्ट आहे की टँकर?"

चौथ्या मजल्यावरच्या बाई कुणाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटल्या आणि पिशवी नाकाशी धरून भिंतीकडे वळल्या. लिफ्टमध्ये माणसं तीनच होती. त्या बाई, कामावरून परतलेली ती, आणि कोपऱ्यात बाबा. म्हणजे चोर शोधायला फार लांब जायला नको होतं. बाबा वर, मजल्यांचे आकडे उजळत होते तिकडे बघत उभे होते. वर्गात खोडी करून फळ्याकडे एकटक बघणाऱ्या पोरासारखे. वय वर्षं चौऱ्याऐंशी. एरवी ती हसली असती. पण वास तिच्या नाकात शिरला आणि तिचा हात आपोआप लिफ्टच्या कठड्यावर गेला. वासाच्या बाबतीत तिची फसगत होत नसे. शहराच्या गॅस कंपनीत तक्रारींच्या टेबलावर तिने एकवीस वर्षं काढली होती. लोक फोनवर घाबरून "वास येतोय" म्हणत आणि ती शांतपणे विचारी, कुठल्या खोलीत, खाली वाकल्यावर जास्त येतो का, खिडकी उघडलीत का, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. हा वास रस्त्यावरच्या पेट्रोलचा नव्हता. त्यात जुनं तेल होतं, धातू होता, आणि तळाशी कुठेतरी जाड सुती कापडाचा, वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेल्या कापडाचा वास होता. तिने वाकून पाहिलं. बाबांच्या कोटाच्या आत, गळ्यापाशी, निळा कामाचा डगला दिसत होता. तो घरात अजून आहे हेच तिला माहीत नव्हतं.

चौथ्या मजल्यावर बाई उतरल्या. दार मिटल्यावर बाबा म्हणाले, "त्यांच्या पिशवीतल्या कांद्यांचा वास मी काढला का?"

घरी आल्याबरोबर तिने डगला बाल्कनीत टांगला आणि बाबांचे हात साबणाने धुतले. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्वीसारखीच आत वळलेली, कातडी त्यांच्यावर मेणासारखी. ती बोटं धुताना ती नेहमीच दुसरीकडे बघते, आताही नळाकडे बघत होती. खालच्या मोटरसायकल दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बाबांनी एक जुना कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये धुऊन आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, बाळाला आणावं तसा. रविवारी फ्लाइंग क्लबच्या मैदानावर नव्या शिकाऊ लोकांचा वर्ग होता. क्लबच्या चिटणिसाने बाबांना पाऊण तास दिला होता. विषय, आग.

"बोलणार दुसरं कोण?" बाबा म्हणाले. "माझ्या वेळचे अर्धे मेले, अर्धे बहिरे झाले. बहिरा माणूस भाषण करू शकतो म्हणा, पण प्रश्न कुणी विचारायचे?"

"काय सांगणार?"

"नेहमीचंच. लागू नये म्हणून काय करायचं. लागली तर काय करायचं. मग ती गोष्ट."

"ती सांगायलाच हवी का, बाबा?"

"गोष्टीशिवाय नियम डोक्यात राहत नाही." बाबांनी टॉवेलने एकेक बोट पुसलं, वळलेली दोन सगळ्यात शेवटी. मग खिडकीकडे बघून म्हणाले, "वारा कुठून आहे आज?"

हा प्रश्न आला की बोलणं संपलं, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे आता उरलेल्या दोघांना.

रात्रीचं जेवण लावता लावता तिच्या नाकातून तो वास काही जाईना, आणि वासाच्या मागून एकेक गोष्ट उठून आली. लहानपणीचे रविवार म्हणजे मैदान. आई डबे भरी, दादा सायकलच्या दांडीवर तिला बसवी, आणि बाबा, क्लबचे मेकॅनिक, पहाटेच पुढे गेलेले असत. तिथे गवत होतं, वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची पिशवी खांबावर होती, आणि पत्र्याची एक प्रचंड शेड होती, जिच्यात विमानं पंखात पंख घालून झोपल्यासारखी उभी असत. दोन-तीन छोटी विमानं, बाकी बिनइंजिनाची ग्लायडर्स, आणि बाबांचं लाडकं मोटर ग्लायडर. त्याला नाकाशी एक छोटं इंजिन होतं; स्वतःच्या बळावर वर चढायचं, मग इंजिन बंद करून त्या लांबच लांब पंखांवर घारीसारखं तरंगायचं. लाकडाचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड, कापडावर वार्निशासारखा लेप. त्या लेपाला पिकलेल्या केळ्यांचा वास येई. तो सुकला की कापड ढोलकीसारखं वाजे, आणि पेटलं तर, बाबा म्हणत, आगपेटीलासुद्धा लाज वाटेल. बाबांच्या कामाची एक रीत होती, तिला सगळे हसत. इंजिनावरचं झाकण बंद करण्याआधी ते आत डोकं घालत, डोळे मिटत आणि दहा आकडे मोजेपर्यंत नुसते हुंगत. मग दादाला हुंगायला लावत. मग तिला. "डोळ्याला गळती दिसत नाही, नाकाला दिसते," असं म्हणून ते तिला उचलून धरत, आणि ती सात वर्षांची पोर पाय हवेत लोंबकळत त्या गरम काळोखात नाक खुपसून आकडे मोजी. एकदा आठ म्हणता म्हणता ती थांबली आणि म्हणाली, "इथं आंबट येतंय." नळीला केसाएवढी चीर निघाली. त्या दिवशी बाबांनी तिला खांद्यावर घेऊन शेडला फेरी मारली, आणि दादाने तिचं नाव ठेवलं नकटी, कारण एवढं कामाचं नाक दिसायला मात्र अगदीच बसकं होतं. पुढे गॅस कंपनीच्या मुलाखतीत, पूर्वीचा अनुभव काय असं विचारल्यावर तिच्या तोंडून जवळजवळ निघालंच होतं, 'वयाच्या सातव्या वर्षापासून.'

पानं वाढली आणि फोन वाजला. दादा होता. वर्षातून चारदा वाजणारा फोन, त्यातले तीन ठरलेल्या दिवशी. हा चौथा.

"नकटे, म्हातारा बोलणार आहे म्हणे रविवारी."

"तुला कोणी सांगितलं?"

"चिटणिसाचं पत्र आलंय. 'सर्व जुन्या सभासदांस.' पस्तीस वर्षांनी मी सभासद झालो बघ पुन्हा." मागे त्याच्या छापखान्यातलं यंत्र धडधडत होतं, ते थांबेपर्यंत तोही थांबला. "येतोय मी."

स्वयंपाकघराच्या दारातून बाबा दिसत होते. कार्ब्युरेटर ताटाशेजारी ठेवून जेवत होते.

"ऐकतेयस ना? मी मागे उभा राहणार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांनी पुन्हा तेच सांगितलं ना, वैमानिकाचा धीर सुटला आणि त्याने हात काढला, तर तिथूनच वळेन. मग मी घरी नाही यायचा. कधीच नाही. शेवटालासुद्धा नाही. हे रागाने बोलत नाहीये हं मी. दमलोय."

"दादा, मी—"

"तू काही बोलू नकोस. तू कधी बोललीयस?" तो हसला. खरंच हसला, कुत्सितपणे नव्हे, लहानपणी सायकलवरून पडल्यावर तिला हसवायला हसायचा तसा. ते हसू तिला रात्रभर पुरलं.

पुढचे चार दिवस ती टेबलावर बसून लोकांना खिडक्या उघडायला सांगत राहिली आणि डोक्यात मात्र तो शनिवार होता. रविवारची आठवण घरातल्या सगळ्यांच्या मालकीची होती. बाबांनी ती इतक्यांदा सांगितली होती की तिच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. शनिवार मात्र तिचा एकटीचा. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. दुसऱ्या क्लबचे लोक पाहुणे आले होते, ऊन रणरणत होतं, आणि उपाहारगृहातला फ्रीज नेमका बंद पडला होता. पाहुण्यांमध्ये एक निळ्या शर्टवाला होता. त्याचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. आज समोर आला तर ती त्याला ओळखणारही नाही, शर्ट मात्र ओळखेल. त्याने कोमट सोड्याचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं, आणि तिच्या अंगात वारं शिरलं. शेडमधली आग विझवायची लाल बाटली तिने काढून आणली. ही युक्ती त्या मैदानावरच्या सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक होती आणि सगळ्यांना मना होती: सोड्याच्या बाटल्या गोणपाटात घालायच्या, लाल बाटलीचं तोंड आत खुपसायचं आणि खटका दाबायचा. पांढरा धूर, फुसकारा, आणि अर्ध्या मिनिटात सोडा बर्फासारखा. तिला ती बाबांनीच दाखवली होती, तिच्या दहाव्या वाढदिवसाला, मोडीत निघालेल्या एका बाटलीवर, आणि वर बजावलं होतं की चांगल्या बाटलीला हात लावलास तर तंगडं मोडीन. त्या शनिवारी तिने चोवीस बाटल्या गार केल्या. गोणपाटावर बर्फ साचला, तिने तो मूठभर घेऊन निळ्या शर्टवाल्याच्या मानेवर टाकला, सगळे पाहुणे टाळ्या वाजवून हसले. एवढी सुंदर ती आयुष्यात कधीच झाली नव्हती. मग तिने बाटली पुसून खुंटीला लावली. त्या जातीच्या बाटलीला आत किती उरलंय ते दाखवणारा काटा नसतो. भरलेली आणि रिकामी भिंतीवर सारख्याच ऐटीत टांगलेल्या असतात, फरक कळतो तो फक्त वजनाने. संध्याकाळी बाबांना सांगू, ते ओरडतील आणि सोमवारी भरून आणतील, असं तिने ठरवलं होतं. पण संध्याकाळी दादाच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाबद्दल घरात आनंदीआनंद होता. बाबा गात होते. ते क्वचित गात, आणि तेही बेसूर. त्यांना गाताना थांबवायचं तिच्या जिवावर आलं.

रविवारी सकाळी हवा गार होती आणि इंजिनही. दादा मोटर ग्लायडरमध्ये बसला. क्लबचा नियम असा की इंजिन सुरू करताना एक माणूस बाटली घेऊन बाजूला उभा राहणार. ते काम नेहमी तिचं. बाबा शेडच्या दारात दुसऱ्या विमानाच्या चाकापाशी होते. तिने खुंटीवरून बाटली उचलली आणि ती हाताबरोबर इतकी सहज वर आली की विसरलेला कालचा सोडा तिला धक्क्यासारखा आठवला. हलकी. रिकामी पिशवी उचलावी तशी. ती जागेवर जाऊन उभी राहिली. दादाने हाताच्या पंपाने इंजिनात पेट्रोल सोडलं, बटण दाबलं, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. त्याने पुन्हा पंप मारला. आणखी एकदा. तिच्या नाकाला आंबट वास आला, जास्त झाल्याचा. बाटली हलकी होती आणि पेट्रोल जास्त होतं, या दोन्ही गोष्टी त्या मैदानावर फक्त तिला माहीत होत्या. 'थांब' हा शब्द तिच्या जिभेवर होता. पण थांब म्हटलं असतं तर दादाने विचारलं असतं, का? आणि बाबा आले असते, आणि बाटली हातात घेतली असती. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. तो वेळ किती असेल? एक श्वास, दीड श्वास. पस्तीस वर्षांत तिने तो इतक्यांदा मोजला होता की आता त्याचा काही भरवसा राहिला नव्हता. कधी तो एवढासा वाटे, कधी त्यात एक अख्खी दुपार मावे.

फट् असा आवाज झाला आणि विमानाच्या नाकाखालून ज्वाळा निघाली. मोठी नाही, हातरुमालाएवढी. दारातून बाबा ओरडले, "सोडू नकोस! फिरवत राहा! पेट्रोल बंद!" मैदानावरच्या प्रत्येकाला तो धडा पाठ होता. सुरू होताना आग लागली तर घाबरून उतरायचं नाही. पेट्रोलचा खटका बंद करायचा, इंजिनात जाणारी हवा पूर्ण उघडायची आणि स्टार्टरवरचा हात काढायचा नाही. इंजिन फिरत राहिलं की आग आत ओढून गिळून टाकतं. दादाने सगळं अगदी तसंच केलं. तिने पाहिलं, खटका बंद झाला, प्रोपेलर झटके देत फिरत राहिला, ज्वाळा आत जाऊ लागली. तिने बाटलीचं तोंड धरलं आणि दाबलं. चिमूटभर पांढरं उडालं. मग नुसता वाऱ्याचा आवाज, तोही थांबला. तिला वाटलं, लांब आहोत म्हणून पोचत नसेल. ती दोन पावलं पुढे गेली. मग आणखी एक. आगीकडे बघत होती ती. फिरणारा प्रोपेलर दिसत नाही, दिसतं ते त्याच्या पलीकडचं. काचेतून दादाचे डोळे तिच्यावर आले, आणि त्याचा हात स्टार्टरवरून वर गेला. पातं तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. मग कॉलर. तिची मागची कॉलर धरून दादा तिला गवतावरून फरफटत मागे नेत होता, वरचं बटण तटकन तुटलं, आणि तिला समोर दिसलं की आत गेलेली आग परत बाहेर आली होती. बाबा धावत आले, तिच्या हातातली बाटली त्यांनी हिसकावली, दाबली, एक क्षण नुसते तिच्याकडे बघत राहिले आणि बाटली फेकून दिली. आणि मग त्यांनी ते केलं जे कधीच करू नका असं ते सगळ्यांना सांगत आले होते: तापलेलं झाकण उघड्या हातांनी वर उचललं. आगीला वारा मिळाला. कापडी पंख कागदासारखा पेटला. चार मिनिटांत लाकडाच्या बरगड्या उरल्या.

इस्पितळात बाबांचे दोन्ही हात पांढऱ्या बोचक्यांत होते. ती एकटीच त्यांच्यापाशी बसली होती आणि म्हणाली, "बाबा, ती बाटली..." बाबांनी खिडकीकडे मान वळवली. "वारा कुठून आहे आज?" दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा वारा. तिसऱ्या वेळी ती सुरू करायच्या आधीच त्यांनी विचारलं, आणि तिला, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं. चौकशीचा कागद बाबांनी सांगितला आणि चिटणिसाने लिहिला. वैमानिकाने नियम मोडून स्टार्टरवरचा हात काढला. बाटली वापरण्यात आली, ती अपुरी पडली. अपुरी! त्या शब्दावर ती पस्तीस वर्षं जगली, एखाद्याने दुसऱ्याच्या घरात राहावं तशी. आईने तिच्या सदऱ्याला दुसऱ्याच रंगाचं बटण शिवलं आणि काही विचारलं नाही. पुढे विषय निघाला की आई "झालं ते झालं" म्हणे आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला उठे. नसले वाळलेले कपडे तर घड्या मोडून पुन्हा घाली. दादाचं उडणं संपलं. कुणी त्याला काढून टाकलं नाही. फक्त त्याच्याबरोबर बसायला कुणी तयार होईना, आणि शेडमध्ये तो शिरला की लोक मोठ्याने हवेवर बोलू लागत. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या शहरात छापखान्यात लागला. स्टेशनवर तिला म्हणाला, "नाक सांभाळ." एवढंच. त्याला काय काय माहीत होतं? बाटली रिकामी आहे हे त्याने फुसकाऱ्यावरून ओळखलं असेल की नाही? हात का काढला ते तर त्याला माहीत होतंच. मग तो एकदाही का बोलला नाही? तिने कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आपण आधी सांगायचं, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

रविवारी शेडमध्ये अकरा खुर्च्या मांडल्या होत्या. गवत होतं, पिशवी खांबावर होती, पत्रा नवा होता. आत विमानं आता कापडाची नव्हती, गुळगुळीत पांढरी होती, आणि केळ्यांचा वास कुठेच नव्हता. तिला उगाच वाईट वाटलं, कुणी तरी न सांगता घर बदलल्यासारखं. बाबा निळा डगला घालून उभे राहिले. इतक्या वर्षांनी तो त्यांना मोठा झाला होता. पण बोलायला लागले आणि ती थक्क झाली. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते न आठवणारा माणूस कार्ब्युरेटर हातात धरून मुलांना, म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या मुलांना, हसवत होता. नळ्या कुठे घासतात, चिंधी आत विसरली तर काय होतं, पेट्रोल भरताना विमान आणि पंप तारेने का जोडायचे. "आग न सांगता येते म्हणतात ते खोटं. आधी वासाने निरोप पाठवते, आपण घरी नसतो." हवेत आग लागली तर पेट्रोल बंद, वीज बंद, खिडकीची झडप बंद, ज्वाळा काचेपासून लांब राहतील असं विमान तिरकं घसरवत खाली आणायचं. "आणि घाई करायची नाही. तुम्हाला लांब पंख दिलेत. इंजिन गेलं म्हणून तुम्ही दगड होत नाही."

ती शेवटच्या रांगेत होती. दादा केव्हा आला ते कळलं नाही. मागच्या खांबाला टेकून उभा होता, हात खिशात, डोक्यावर उरलेले केस सगळे पांढरे. तिने हात हलवला. त्याने भुवई उचलली.

बाबांनी त्याला पाहिलं. अर्ध्या वाक्यात थांबले. मग कार्ब्युरेटर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे नियम डोक्यात राहील." तिला वाटलं होतं, त्याला पाहिल्यावर तरी ते वळण घेतील. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला एकच रस्ता उरलेला असतो बहुतेक, आणि त्यावरून ते निघाले होते. गार सकाळ. जास्तीचं पेट्रोल. हातरुमालाएवढी ज्वाळा. "वैमानिक हुशार होता. सगळं बरोबर केलं त्याने. पण ऐन वेळी..." बाबा थांबले, पाण्याचा घोट घेतला. "ऐन वेळी त्याचा धीर सुटला आणि त्याने स्टार्टरवरचा हात काढला. विमान चार मिनिटांत गेलं."

मागे खांबापाशी बुटाचा आवाज झाला. दादा वळला होता. घाई नव्हती त्याच्या चालण्यात; काम संपल्यावर माणूस निघतो तसा निघाला होता.

पहिल्या रांगेतून एक हात वर आला. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या; पन्नाशीत उडायला शिकत होत्या आणि सगळं वहीत उतरवून घेत होत्या. "एक विचारू? नियमाप्रमाणे बाजूला बाटली घेऊन माणूस असणार ना? त्याने काय केलं?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. आईने नाही, चिटणिसाने नाही, चौकशीला आलेल्या साहेबाने नाही. इतका साधा प्रश्न. वहीत पुढची ओळ मोकळी सोडून बाई पेन धरून थांबल्या होत्या.

"होतं कुणीतरी," बाबा म्हणाले. त्यांनी शेडच्या उघड्या दाराबाहेर बघितलं आणि तोंड उघडलं, पण वाऱ्याचं काही विचारलं नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत आज्ञा नव्हती. ते नुसते थकले होते, एक जड वस्तू फार वेळ धरून ठेवल्यावर माणूस थकतो तसे, आणि कुणी घेईल का, एवढंच बघत होते.

ती उठली. खुर्ची मागे पडली, पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज केवढा तरी झाला, आणि दारापाशी दादा थांबला.

"मी होते," ती म्हणाली. आवाज कामावरचा आला, शांत, कुठल्या खोलीत म्हणून विचारणारा. "मी यांची मुलगी. बाटली रिकामी होती. आदल्या दिवशी मीच रिकामी केली होती, पाहुण्यांचा सोडा गार करायला. सकाळी उचलली तेव्हाच मला कळलं होतं, पण मी बोलले नाही." मग आवाज कामावरचा राहिला नाही. "आणि त्याचा धीर सुटला नव्हता. मी प्रोपेलरच्या पुढ्यात गेले होते, बाबा, तुम्ही पाहिलंत. हात काढला नसता तर विमान वाचलं असतं आणि मी मेले असते. त्याने माझ्यासाठी हात काढला."